तलंग की कोंबडा? परसातली पिल्लं कशी ओळखायची

पिल्लं महिन्याची होईपर्यंत मला विचारायला येऊ नका, असं मी वाडीत सांगूनच टाकलंय. तरी येतात. ओट्यावर डालगं टेकवायचं आणि "काकी, जरा बघा की, ह्यातल्या तलंगा किती निघतील?" म्हणून बसून राहायचं. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. मी दरवेळी एकच सांगते: निम्म्या. अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिल्लांत नर-मादी साधारण निम्मेनिम्मे असतात. एखाद्या खुडूक कोंबडीखाली सात कोंबडे आणि तीन तलंगा निघतील, पुढच्या वेळी उलटं होईल. वर्षाचा हिशोब मांडला की आकडा निम्म्याच्या आसपासच येतो.

आमच्या पाटण तालुक्यात बहुतेकांच्या परसात गावठी, थोडी गिरीराज-वनराज या सुधारित जातींची आणि हौशी लोकांकडे काळा कडकनाथ. सगळं मिळून दहा-वीस पक्षी. त्यांच्यासाठीच हे लिहितेय. मोठ्या शेडवाल्यांना याची गरज नाही, त्यांना हॅचरीतूनच निवडून मिळतं.

आधी अंड्याचं बघू. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून कोंबडी, असं आमच्या सासूबाई ठासून सांगायच्या. माझ्या माहेरी नेमकं उलटं सांगायचे. दोन्ही घरी कोंबड्या होत्या आणि दोन्हीकडचं निम्म्या वेळा खरं ठरायचं. एक कोंबडी साधारण एकाच घाटाची अंडी घालत राहते. मग टोकदार अंडी घालणारीच्या पोटी जन्मभर कोंबडेच यायला हवे होते. तसं कुठं होतं? माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत ते आईकडून. नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रांची कोंबड्याकडे झेड-झेड अशी जोडी असते, कोंबडीकडे झेड-डब्ल्यू. कोंबडीकडून अंड्यात झेड जाणार की डब्ल्यू, हे कवच चढायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. अंडी उबवायच्या मशीनचं तापमान कमी-जास्त करून जास्त कोंबड्या काढता येतात, असं सांगणारेही भेटतात. मगर आणि कासवात तसं होतं. कोंबडीच्या अंड्यात तापमान बिघडलं तर पिल्लू मरतं नाहीतर लुळं निघतं, त्याची मादी होत नाही. दोऱ्याला सुई बांधून अंड्यावर धरायची आणि ती कशी फिरते ते बघायचं, पिल्लू मानेला धरून उचलायचं आणि पाय कसे धरतं ते बघायचं, हे मोबाइलवर दाखवतात. करमणूक म्हणून बघा.

सायकलवरून किंवा जत्रेत गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं विकायला येतात, त्यांचं मात्र मी न बघता सांगते. ते जवळपास सगळे कोंबडे असतात. अंड्यांच्या जातीच्या हॅचरीत पहिल्याच दिवशी नर बाजूला काढतात, कारण ते अंडी देत नाहीत आणि ब्रॉयलरसारखं अंगही धरत नाहीत. तेच असे स्वस्तात बाहेर पडतात. पोरांना हौस म्हणून घ्या, पण अंड्यांचा हिशोब त्यावर करू नका.

मग हॅचरीवाल्यांना पहिल्या दिवशी कसं कळतं? त्यांच्या दोन रीती आहेत. एक पंखाची. पिल्लाचा पंख हलकेच पसरला की पिसांच्या दोन रांगा दिसतात. खालच्या रांगेतली पिसं वरच्या रांगेपेक्षा ठळक लांब असली तर मादी, दोन्ही सारखी किंवा वरचीच लांब असली तर नर. हे चालतं ते फक्त मुद्दाम तसा संकर केलेल्या पिल्लांत, म्हणजे आई सावकाश पिसं फुटणाऱ्या वाणाची आणि बाप लवकर फुटणाऱ्या. तेही पहिल्या एक-दोन दिवसांतच. गावठी पिल्लाचा पंख पसरून काही उपयोग नाही, तिथं ज्याची त्याची चाल वेगळी.

दुसरी रीत पिल्लाचं मागचं द्वार उघडून आतला बारीक उंचवटा बघायची. जपानच्या कियोशी मासुई यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२०च्या दशकात ती शास्त्रशुद्ध बसवली आणि पुढं जपानी तज्ज्ञ देशोदेशीच्या हॅचऱ्यांत हे काम करायला गेले. शिकायला भरपूर सराव लागतो. घरी कुणी अंगठ्यानं दाबून बघायला लागलं तर पिल्लाचं आतडं दुखावतं आणि ते मरतं. ते करू नका, एवढंच.

घरच्या घरी पहिल्या दिवशी ओळखता येईल असा एकच मार्ग मला माहीत आहे, आणि तो फार कमी जण वापरतात. अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे असलेली कोंबडी असते ना, तिला पूर्ण काळा, बिनपट्ट्याचा कोंबडा लावायचा. दुसरा कोंबडा आसपास फिरकता कामा नये, आणि आधीचा कोंबडा काढल्यावर तीन आठवडे तिची अंडी उबवायला ठेवायची नाहीत, कारण जुन्या कोंबड्याचं बीज तेवढे दिवस टिकू शकतं. त्यानंतरच्या अंड्यांतून जी काळी पिल्लं निघतील, त्यांत डोक्यावर पांढरा ठिपका असेल तो कोंबडा, डोकं सगळं काळं असेल ती तलंग. पट्टे लेकाला आईकडून मिळतात, लेकीला मिळत नाहीत, म्हणून हे जमतं. कोंबडा पट्ट्यांचा आणि कोंबडी काळी, अशी उलटी जोडी लावली तर सगळ्याच पिल्लांच्या डोक्यावर ठिपका येतो आणि काही कळत नाही.

बाकी सगळ्या पिल्लांसाठी थांबणं आलं. थांबायचं म्हणजे नुसतं बघत बसायचं नाही. पिल्लं आठवड्याची झाली की एकेकाच्या पायात वेगळ्या रंगाच्या लोकरीचा सैल दोरा बांधा. दर आठवड्याला दोरा सोडून पुन्हा बांधा, नाहीतर वाढत्या पायात रुततो. वहीत रंगाप्रमाणे नोंद करा. हे का, तर उद्या एखादं पिल्लू बघून "हा कोंबडाच" असं वाटतं आणि परवा तेच पिल्लू कुठलं हे कळत नाही. दुसरं, तुलना करायची ती एकाच दिवशी निघालेल्या, एकाच जातीच्या पिल्लांत. गिरीराजचं पाच आठवड्यांचं पिल्लू गावठीच्या दोन महिन्यांच्या पिल्लापेक्षा थोराड दिसतं. त्यांना शेजारी ठेवून गावठीचं सगळं तलंग ठरवणारे बरेच असतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली खूण शेपटीची. पुष्कळ जातींत माद्यांना पिसं लवकर फुटतात, त्यांची शेपटी नीट दिसायला लागते आणि पंखही भरतात. नर त्या वयात पाठीवर अर्धे उघडे आणि शेपटीला आखूड असतात. गावठीत ही खूण कच्ची आहे, पण वहीत लिहून ठेवा. त्याच सुमाराला तुरा बघायला लागा. सगळे तुऱ्याची उंची बघतात. मी रुंदी आणि रंग बघते. पिल्लू हातात घेऊन चोचीच्या समोरून बघायचं. तुऱ्याचं बूड चोचीवर जाड बसलंय का, त्याचे दाते फुगीर झालेत का, आणि पिवळटपणा जाऊन गुलाबी छटा आलीय का. नराचा तुरा चार-पाच आठवड्यांत गुलाबी व्हायला लागतो, सहा-आठ आठवड्यांत चांगला लाल. तलंगेचा तुरा तोपर्यंत फिका, पातळ आणि चोचीला चिकटलेला. चोचीखाली लोंबणारे गलोलही तसेच: नराचे दिसू लागतात, मादीचे जेमतेम. पाय बघा. नराची नडगी जाड आणि उभं राहणं थोडं रुंद.

हे बघायची वेळ संध्याकाळची. पिल्लं खुराड्यात टेकली की शांत असतात, हातात आली तरी धडपडत नाहीत. पण रंग बॅटरीच्या उजेडात खोटा दिसतो. म्हणून संध्याकाळी पकडायची, एका डालग्याखाली ठेवायची आणि सकाळी सोडताना एकेक उजेडात बघायची.

मारामारीवर मात्र जाऊ नका. छातीला छाती लावून उड्या मारणारी दोन पिल्लं बघून लोक दोन्ही कोंबडे ठरवतात. तलंगाही भांडतात, कधी कधी जास्तच. आमच्याकडची सगळ्यात भांडकुदळ पक्षीण दर वर्षी कुठल्या तरी तलंगातलीच निघते.

सहाव्या ते आठव्या आठवड्यात राणीखेत रोगाची आर-टू-बी लस टोचायची असते. तेव्हा प्रत्येक पिल्लू हातात येतंच, त्या निमित्तानं पूर्ण तपासणी करून घ्या. एक जण लस टोचतो, दुसऱ्यानं तुरा, गलोल, नडगी बघून वही भरायची. पशुसंवर्धन खात्याकडून तलंगा गट घेतलेल्या बायांनाही हे सांगते. त्या गटात आठ-दहा आठवड्यांच्या पंचवीस माद्या आणि तीन नर मिळतात. गट ताब्यात घेताना पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात डोकी मोजून सही करू नका. त्या वयात सुधारित जातीचा नर तुऱ्यावरून बहुतेक ओळखू येतो. एकेक पक्षी बाहेर काढून बघा, लाल तुऱ्याचे तीनापेक्षा जास्त असतील तर तिथंच बोला. घरी आणल्यावर बोलून काही होत नाही.

आता खरी पक्की खूण. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात कमरेवरची पिसं बघायची. कमर म्हणजे शेपटीच्या बुडाच्या पुढचा, पाठीच्या दोन्ही बाजूंना उतरणारा भाग. पिल्लाला काखेत धरा, डोकं मागं आणि शेपटी पुढं, म्हणजे ते गप्प बसतं. बोटानं तिथली जुनी पिसं उलटी करा. खालून नवी पिसं फुटत असतात. एखाद्या नव्या पिसाच्या टोकाखाली बोट धरून ते उजेडात बघा. कोंबड्याचं पीस अरुंद आणि टोकाशी बांबूच्या पानासारखं निमुळतं असतं, त्यावर तेल लावल्यागत चकाकी असते, आणि कडेचे तंतू एकमेकांत न गुंतता सुटे असतात, त्यामुळं कड झिरझिरीत दिसते. तलंगेचं पीस रुंद, टोकाला गोल, कड घट्ट विणलेली, चकाकी कमी. मानेवरही हाच फरक दिसतो, पण तिथं तलंगेची पिसंही थोडी टोकदार असतात आणि नवखा माणूस फसतो. कमरेवर फसत नाही. नवं पीस उपटून बघू नका. त्याच्या निळसर दांडीत रक्त असतं, उपटलं की वाहतं आणि बाकीची पिल्लं त्या लाल ठिपक्यावर टोचा मारायला लागतात.

यात एक गोम आहे. पिल्लाची पहिली पिसं नर-मादी दोघांचीही गोलच असतात. म्हणजे आठव्या आठवड्यात गोल पीस दिसलं म्हणून तलंग म्हणता येत नाही, पण टोकदार पीस एक जरी सापडलं तरी कोंबडा म्हणता येतं. लाल तुऱ्याचंही तसंच आणि आरवण्याचंही. कोंबडा पुराव्यानं ठरतो, तलंग मात्र पुरावा न सापडल्यामुळं उरते. म्हणून मी वहीत तलंगेपुढं "तलंग" लिहितच नाही, "अजून काही नाही" असं लिहिते. बारा-चौदा आठवड्यांपर्यंत ज्याच्यापुढं "अजून काही नाही" राहिलं, ती तलंग.

गावठीत रंगही मदत करतो. तांबूस-तपकिरी पिल्लांत सहाव्या आठवड्यापासून नराच्या छातीवर काळी पिसं फुटायला लागतात आणि पंखाच्या खांद्यावर गडद तांबडा डाग येतो. मादीची छाती फिकी बिस्किटी राहते, अंगभर रंग एकसारखा असतो. म्हणून ठिगळं लावल्यासारखा रंग दिसला की आधी खांदा बघायचा. पट्ट्यांच्या वाणात आई-बाप दोन्ही पट्टेरी असतील तर नर एकूण फिकट दिसतो, मादी गडद.

कडकनाथवाले जास्त गोंधळलेले येतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा हा पक्षी, २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून आमच्याकडेही हौसेनं आणतात. त्याचा तुरा, गलोल, चोच, पाय सगळंच काळपट, मग लाली बघायची कुठं? लाली सोडा, आकार बघा. तीन महिन्यांच्या नराचा तुरा उंच, जाड आणि गलोल लोंबते असतात. मादीचा तुरा त्या मानानं बुटका. अंगभर काळ्या पक्ष्यात कमरेवरच्या पिसाची चकाकी उन्हात हिरवट दिसते ती नराची. सोनेरी आणि रेघांच्या प्रकारात नराच्या मानेवर रंग चढतो, तिथं सोपं आहे.

झुंजीच्या जातीचा असील मात्र थकवतो. त्याचा तुराच मुळात चपटा आणि बारीक, गलोल जवळजवळ नसतातच, आणि मादीसुद्धा कोंबड्यासारखी ताठ उभी राहते. पिसं आखूड, अंगाला घट्ट. असीलचं चार महिन्यांपर्यंत मी तोंड उघडत नाही. उघड्या मानेच्या गावठीत मानेची पिसं नसतात, तिथं थेट कमर.

आरवणं ही खूण कुणालाही कळते, पण ती उशिरा येते. काही पोरगे तिसऱ्या महिन्यातच घसा फुटल्यासारखा आवाज काढतात, काही पाचव्या महिन्यापर्यंत गप्प असतात. परसात मोठा कोंबडा असेल तर तरणे कोंबडे त्याच्या धाकानं आवाज दाबून ठेवतात. मोठ्याला विकलं की दुसऱ्या दिवशी दोन "तलंगा" आरवायला लागतात, आणि लोकांना वाटतं करणी झाली. पायाच्या काट्याचंही ऐकू नका. नडगीच्या आतल्या बाजूला बारीक गाठ दोघांनाही असते, नराची वाढून टोकदार होते ती बऱ्याच महिन्यांनी, आणि म्हाताऱ्या कोंबडीलाही काटा येतो.

म्हातारी कोंबडी आरवली तर अपशकुन म्हणून आमच्याकडे लगेच कापतात. कोंबडीच्या पोटात कामाचा अंडाशय एकच, डावा. तो आजारानं किंवा वयानं बिघडला की मादीचं संप्रेरक कमी पडतं, मग तुरा वाढतो, पिसं नरासारखी येतात, कधी आवाजही. ती अंडी देणार नाही म्हणून कापायची तर कापा, घरावर संकट येणार म्हणून नको.

कोंबडे ओळखू आले की वेगळे करा. आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरतो. जास्त ठेवले तर तलंगांच्या पाठीची पिसं सोलवटून निघतात आणि खाणं उगाच जातं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य वाढत्या पिल्लांना घालू नका, नर असो वा मादी. त्यात कवचासाठी चुना जास्त असतो, तो लहान पक्ष्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. पहिलं अंडं येईपर्यंत वाढीचं खाद्य, मका-ज्वारीची भरड आणि परसातले किडे बरे. विकायचे कोंबडे आषाढात काढा. जत्रा, म्हसोबाचा नवस, श्रावण लागायच्या आधीचे जेवणावळीचे दिवस, सगळं तेव्हाच असतं. श्रावणात त्याच कोंबड्याला गिऱ्हाईक मिळत नाही आणि तो महिनाभर फुकटचं खातो. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं काढलीत तर जूनमध्ये कोंबडे वेगळे झालेले असले पाहिजेत.

आणि तलंगा? त्यांचा तुरा अंड्यावर यायच्या तोंडाला लाल होतो, सुधारित जातीत पाचव्या-सहाव्या महिन्यात, गावठीत आणखी थोडा उशिरा. तेव्हा "अरे, हा तर कोंबडा निघाला" म्हणून घाबरून विकू नका. आधी पाठीवर हात ठेवून बघा. अंड्यावर आलेली तलंग पंख किंचित पसरून खाली बसते, कोंबडा पळतो. मागच्या द्वाराखाली दोन टोकदार हाडं बोटाला लागतात. त्यांच्यामध्ये दोन बोटं मावली तर अंडं जवळ आलंय. जेमतेम एक मावलं तर अजून वेळ आहे. दोन बोटं मावायला लागली की त्याच दिवशी अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढा घातलेली टोपली ठेवा. नाहीतर तलंग कुंपणातल्या करवंदीखाली जागा बघते, आणि तिथली अंडी आधी मुंगसाला सापडतात.